काहिलीतलं आरमार

मामांचा राग आला की मी युरियाच्या थप्पीला लाथ मारतो. गोणी पंचेचाळीस किलोची असते, त्यामुळं दुखतो माझाच अंगठा आणि मग त्या अंगठ्याचा रागही मामांवरच निघतो. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, माझ्या डाव्या पायाचं नख अजून धड आलेलं नाही. परवा पुन्हा लाथ मारली. का मारली ते सांगतो, पण आधी माणूस सांगतो. माणूस कळल्याशिवाय लाथ कळायची नाही.

आमचं गाव भीमेच्या काठी, मांडवगण फराट्याच्या अंगाला, शिरूर तालुक्याच्या अगदी शेपटाला आहे. नाव सांगत नाही, कारण फाट्यावर माझं खता-औषधाचं दुकान आहे आणि ते मला अजून चालवायचं आहे. नदीच्या पलीकडं दौंड तालुका. समुद्राचं म्हणाल तर गावातल्या निम्म्या लोकांना समुद्र खारट असतो हेच मुळी पटत नाही. "एवढ्या पान्यात मीठ टाकनार कोन?" असं आमचे एक आबा अजून विचारतात. अशा गावात मामा, अख्ख्या गावाचेच ते मामा, रोज पहाटे चार वाजता जहाजावर उठायचे.

नेव्हीतून रिटायर होऊन ते गावी आले तेव्हा मी शाळेत होतो. शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरले ते पांढऱ्या बुटात, आणि ते बूट पुढं चाळीस वर्षं पांढरेच राहिले. आमच्या काळ्या रानात, ऐन चिखलात. कसे ते देवाला ठाऊक. चिखल त्यांना बघून बाजूला व्हायचा असं मी म्हणतो आणि अजून कुणी मला खोटं पाडलेलं नाही. गळ्यात पितळी शिट्टी असायची. ती अशी वाजायची की बैल जागेवर थांबायचे, कोंबडे आरवायचे राहायचे, आणि पलीकडं दौंड स्टेशनात गार्ड गडबडून हिरवा झेंडा दाखवायचा. घरावर बांबू रोवून त्याला मामींच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे लावलेले होते. पिवळा तुकडा वर गेला की घरात आजारपण, निळा गेला की पाहुणे आलेत, आणि लाल गेला की मामा रागावलेत, कुणी फिरकू नये. लाल तुकडा सगळ्यात आधी विरला.

डावं-उजवं त्यांनी कधी म्हटलं नाही. नांगराच्या बैलालासुद्धा पोर्ट आणि स्टारबोर्ड. बैल वारला तेव्हा गावातले लोक एवढंच म्हणाले की बिचाऱ्याला इंग्रजी झेपलं नाही. एकाहत्तरच्या लढाईत आपण तोफेवर होतो, शत्रूच्या बंदराची नाकेबंदी केली तेव्हा आपलीच बोट सगळ्यात पुढं होती, हे त्यांनी मला किमान सहाशे वेळा सांगितलं असेल. दर वेळी तोफ थोडी मोठी व्हायची. शेवटी शेवटी ती तोफ आमच्या पाण्याच्या टाकीएवढी झाली होती.

दुपारी ते माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचे आणि जगाच्या समुद्राची व्यवस्था बघायचे. कुठल्यातरी सामुद्रधुनीत जहाजं अडली की इकडं दौंडला खताची रेक, म्हणजे मालगाडी, लागायची नाही, आणि रेक लागली नाही की लोक मला शिव्या द्यायचे. जणू मीच होडी आडवी घालून बसलोय. अशा वेळी मामा आत यायचे, काउंटरवर चहाचे ग्लास मांडायचे आणि गिऱ्हाइकांना समजावायचे.

"ही सामुद्रधुनी. रुंद केवढी? हितनं शिरूरच्या स्टँडापर्यंत. आता ती बंद करायला किती बोटी बुडवाव्या लागत्यात? एक. उरलेल्यांच्या मालकाला भ्या पडतं. इमेवाला हप्ता वाढवतो, मालक म्हंतो नगं रं बाबा, आन् बोटी आपापल्या थांबत्यात. गोळी एकच उडती. उपाशी मरतो तो कवा समुद्र बघितलेला पन नसतो."

एवढं बोलून ते त्यातलाच एक ग्लास उचलून पिऊन टाकायचे. चहा माझा असायचा.

आता या माणसानं गावावर जो उपकार केला त्याची गोष्ट. त्या उपकाराचं पुढं जे झालं, तिथूनच माझा राग सुरू होतो.

नदीत बाहेरचे वाळूवाले उतरले. मशिनी, ट्रक, पंचवीस-तीस माणसं. नदीकाठच्या विहिरी आटायला लागल्या. गावाचं ठरलं की काठ्या घेऊन जायचं. गावाच्या पुढं होते चेअरमन. कशाचे चेअरमन ते विचारू नका. आमच्याकडं माणूस एकदा चेअरमन झाला की संस्था बुडाली तरी तो चेअरमनच राहतो. मामांनी सगळ्यांना पारावर अडवलं आणि शिट्टी फुंकली. म्हणाले, मारामारी केली तर केस तुमच्यावर होईल, त्यापेक्षा नाकेबंदी करा. त्यांच्या अंगाला हात लावू नका, त्यांच्याकडं काही जाऊ मात्र देऊ नका.

आणि काय सांगू, गाव असं बंद झालं की मुंगीनं परवानगी मागावी. टपरीवर त्यांना चहा नाही, डिझेलचा कॅन नाही, पंक्चर काढायचं नाही, गिरणीत दळण नाही, मोबाइल चार्जिंगला लावू द्यायचा नाही. मी युरिया विकतो, वाळूवाल्याला युरियाचं काय काम? तरी मीही पाटी लावली, की वाळूवाल्यांना युरिया मिळणार नाही. नवव्या दिवशी त्यांच्या मुकादमानं एका पंक्चरसाठी पारावर येऊन हात जोडले, आणि दहाव्या दिवशी नदी मोकळी झाली. मामांची बैलगाडीतून मिरवणूक काढली. ते गाडीत उभे राहून सॅल्यूट ठोकत होते, आणि त्यांच्यामागं छत्री धरून चेअरमन बसले होते. मला आज आठवतं, त्या नऊ दिवसांत मामा जे जे सांगत होते ते चेअरमन वहीत उतरवून घेत होते. आम्हाला वाटलं, भक्ती आहे.

पुढच्या उन्हाळ्यात नदीत वाळू उपसायची बोट दिसायला लागली. ती कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं. चेअरमन गावसभेत शपथेवर म्हणाले की बोट त्यांची नाही. बरं, असं आम्ही म्हणालो. आमचं गाव 'बरं' म्हणण्यात फार तरबेज आहे.

आता नंदा. नंदा म्हणजे चेअरमनच्या चुलतभावाची बायको. नवरा गेल्यावर नदीकाठचं एक एकर रान ती आणि तिची आई दोघी मिळून करायच्या. त्या रानाच्या कडेनं नदीत उतरायला चांगला उतार होता, ट्रक सरळ पाण्यापर्यंत जाईल असा. चेअरमननी ते रान मागितलं. ती नाही म्हणाली. पुन्हा मागितलं, पुन्हा नाही म्हणाली. मग एका सकाळी चेअरमननी तिच्या वाटेवर, म्हणजे त्यांच्या रानातून जाणाऱ्या तिच्या पिढीजात वहिवाटीवर, जेसीबीनं छातीएवढा चर मारला आणि पलीकडं दोन माणसं खुर्च्या टाकून बसवली. एकटं माणूस चरात उतरून-चढून जाई, माल आणि गाडी नाही. नंदानं अर्ज केला, त्याची सुनावणी दसऱ्यानंतर होती. आणि रानात होता झेंडू, दसऱ्याचा. दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत तो पुण्याच्या बाजारात गेला तर ते पीक, नाहीतर शेळ्यांसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. वर्षभराचं तिचं सगळं त्या एका तोड्यावर होतं.

एवढ्यावर थांबतील तर ते चेअरमन कसले. वही होती ना. नंदाच्या रानात तोडणीला बायका गेल्या नाहीत. टेम्पोवाल्यांनी फोन उचलले नाहीत. गिरणीवाल्यानं तिचं दळण परत पाठवलं. नवव्या-दहाव्या दिवशी चेअरमन माझ्या दुकानात आले, पंख्याखाली उभे राहिले आणि म्हणाले की नंदाला औषध द्यायचं नाही, गावाचं ठरलंय. गाव म्हणजे ते स्वतः आणि खुर्च्यांवरची ती दोन माणसं. मी पाठीचा कणा असलेला प्राणी आहे असा माझा समज होता. मी म्हणालो, बरं.

दुसऱ्या दिवशी नंदा आली. झेंडूवर अळी पडली होती. तिनं औषधाचं नाव सांगितलं. ते औषध माझ्या पाठीमागंच होतं, चाळीस खोकी, प्रत्येक खोक्यावर अळीचं रंगीत चित्र. त्या चाळीस अळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"स्टॉक न्हाई, ताई," मी म्हणालो.

तिनं खोक्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती पिशवी घडी घालून काखेत मारली आणि चरापर्यंत परत चालत गेली. तिच्या डोक्यावर पदर होता आणि माझ्या डोक्यावर पंखा होता.

बाहेर बाकावर मामा बसले होते.

ते आत आले. मी वाट बघत होतो की आता शिट्टी वाजेल, आता शिव्या येतील. मामा काउंटरला टेकून उभे राहिले आणि इतक्या हळू बोलले की मला पंखा बंद करावा लागला.

"मी तोफेवर नव्हतो," ते म्हणाले. "मी भटारखान्यात व्हतो. चपात्या लाटायचो."

चाळीस वर्षांची टाकीएवढी तोफ एका वाक्यात बुडाली.

"नाकेबंदीत आमच्या बोटीनं एक होडी थांबवली. तांदूळ व्हता. परत फिरवायचा हुकूम व्हता आन् हुकूम बराबर व्हता, लढाई व्हती. मी हात पुसत वर आलो बघायला. होडीत एक म्हातारी बसलेली. रडली न्हाई, भांडली न्हाई. आमच्याकडं बघून काहीतरी इचारलं. भाषा कुनाला येत नव्हती, पन समद्यांना कळलं. आमी खायाचं काय, असं इचारलं तिनं. होडी फिरली. मी खाली जाऊन पुन्यांदा चपात्या लाटाया लागलो. आज तू 'स्टॉक न्हाई' म्हनलास तवा त्या पोरीनं तसंच बघितलं रे. आन् हे समदं मी शिकवलंय. त्या भाड्याला मी शिकवलंय."

मग त्यांनी स्वतःच्या नावावर ते औषध मागितलं. मी दिलं. देताना मी आधी रस्त्यावर नजर टाकली, हे लिहायला आजही राग येतो, कारण ती लाजेनं टाकली नव्हती. चेअरमनच्या भीतीनं टाकली होती.

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकान बंद. पिकअप घेऊन पलीकडच्या काठाला ये."

पलीकडचा काठ म्हणजे दौंड तालुका. आमच्या गावात नदी म्हणजे शीव. तिथं गाव संपतं, तालुका संपतो, आमच्या माहितीतलं जगही संपतं. नदीत गुरं धुतात, कपडे धुतात, वाळू चोरतात, पण नदीतून कुणी कुठं जात नाही. पलीकडं जाता येईल असा बंधारा चार किलोमीटर खाली, आणि तिकडं जायची वाटही चेअरमनच्याच रानातून. चेअरमननी वाट खणली, टेम्पो अडवला, गिरणी अडवली, दुकान अडवलं. नदी अडवायचं त्यांच्या वहीतच नव्हतं. शेतकरी माणूस, पाणी म्हणजे त्याला भिंत वाटते. ही चूक समुद्रावरच्या माणसानं केली नसती.

मामा एसटीनं चौफुल्याला आणि तिथून कासुर्डीला गेले. तिकडं गुऱ्हाळं आहेत, आणि एका गुऱ्हाळवाल्याशी त्यांची जुनी दोस्ती होती. गुऱ्हाळ म्हटलं की काहील आली. उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. एवढी मोठी की त्यात माणूस आडवा झोपला तरी पाय टेकत नाहीत, आणि तळ सपाट. मामांनी तीन काहिली ट्रॉलीत घातल्या आणि गुऱ्हाळावरचे उत्तरेकडचे चार कामगार बरोबर घेतले. खुर्च्यांवरची ती दोन माणसं चराकडं डोळे लावून बसली होती. नदीकडं त्यांची पाठ होती.

मी मोठ्या रस्त्याच्या लांबच्या पुलावरून फिरून, पिकअप घेऊन सकाळी सातला पलीकडच्या काठाला पोचलो. मामा पांढऱ्या गणवेशात उभे होते. बटणं पोटावर लागत नव्हती म्हणून त्यांनी सुतळी बांधली होती. त्या चौघांतला थोरला काहिलीकडं बघून डोकं हलवत होता.

"चाचा, इसमें गुड़ बनता है. इसमें आदमी नहीं बैठता."

"बैठेगा," मामा म्हणाले. "ये दुकानदार पयले बैठेगा."

मला पोहता येत नाही. मी तसं सांगितलं. मामा म्हणाले, खोटं बोलायला येतं तेवढं बास. आणि मला काहिलीत ढकललं. नंतर स्वतः चढले, हातात दोरखंडाचं भेंडोळं, त्याचं एक टोक काठावरच्या बाभळीला बांधलेलं.

काहिलीला नाक नसतं, शेपूट नसतं. वल्हं मारलं की ती पुढं जात नाही, फिरते. मला शिरूर तालुका दिसायचा, मग दौंड, मग शिरूर, मग दौंड. अशी मी दोन्ही तालुक्यांची दीडशे वेळा तरी पाहणी केली. सकाळची न्याहारी मी नदीला परत केली. तोपर्यंत आमच्या काठावर बातमी फुटली होती आणि निम्मं गाव जमलं होतं. हसत होते भडवे. "मामा, जिलबी पाडताय व्हय?" असं कुणीतरी ओरडलं. खुर्चीवरचे दोघेही खुर्च्या उचलून बघायला आले.

मामा कुणाकडं बघत नव्हते. ते दोर सोडत होते. नंदाच्या बांधाला काहील लागली, त्यांनी उडी मारली आणि दोराचं दुसरं टोक तिच्या आंब्याच्या बुंध्याला गाठीनं आवळलं. ती गाठ मी पुढं कितीदा मारायचा प्रयत्न केला, मला जमली नाही. आता नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणलेला होता. दोराला हातानं धरून ओढत गेलं की काहील फिरत नव्हती, सरळ जात होती. हसणं तिथंच थांबलं.

नंदा आणि तिची आई उजाडल्यापासून तोडत होत्या. दौंडच्या काठावरच्या सहा बायका पहिल्याच फेरीत काहिलीत बसून तोडणीला आल्या. ओळख ना पाळख. त्यांच्यातली एक मला म्हणाली की आमच्याकडं बाईला अडवत नाहीत बाई. ते खरं की खोटं देव जाणे, पण मला ते शिरूर तालुक्याच्या वतीनं लागलं. काहिली भरू लागल्या. पोती नव्हती, मोकळी फुलंच ओतली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गूळ उकळतोय आणि उतू चाललाय. एक काहील जायची, एक यायची, एक भरायची. मामा काठावर उभे राहून शिट्टी वाजवत होते आणि त्या चौघांना एव्हाना पोर्ट आणि स्टारबोर्ड पाठ झालं होतं.

दहाच्या सुमाराला चेअरमन आले. त्यांची वाळूची बोट तिथंच वळणाला, बाभळीच्या फांद्यांखाली झाकून ठेवलेली होती. इंजिनाची बोट, एका धडकेत दोर तुटला असता आणि काहिली बुडाल्या असत्या. चेअरमनची नजर दोनदा तिकडं गेली. मी बघितली. सगळ्यांनी बघितली. पण बोट काढायची तर ती आपली आहे असं निम्म्या गावादेखत म्हणावं लागणार, आणि त्यांनी तर शपथ घेतलेली. माणसाचं खोटं त्याच्याच गळ्यात असं अडकलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ते मामांजवळ गेले. आवाज मऊ केला.

"मामा, तुमीच शिकवलं ना आमाला?"

"शिकवलं," मामा म्हणाले. "पान्याचं तेवढं शिकवायचं राह्यलं व्हतं. बघून घे आता."

अडीच वाजेपर्यंत एकर उलगडलं. मी पिकअप हाणली ती चौफुला, यवत, कासुर्डी करत पुण्यात. माझ्या गाडीमागं सोलापूर रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्यांची अशी रेघ पडली होती की पुढं आठ दिवस तो रस्ता कुणालाही न विचारता सापडत होता. नंदा केबिनमध्ये बसली होती. ती सगळ्या रस्त्यात एकच बोलली, यवतच्या अलीकडं. म्हणाली, "भाऊ, त्या दिशी चाळीस खोकी व्हती. मी मोजली." मी गाडीचा हॉर्न वाजवला. पुढं कुणी नव्हतं.

फुलं दसऱ्याच्या बाजाराला लागली. सुनावणीनंतर चरही बुजवावा लागला.

इथं गोष्ट संपली असती तर मी आज मामांच्या फोटोला हार घातला असता. पण गाव आहे ते. आठ दिवसांत सगळे शूर झाले. ज्यांनी टेम्पोचे फोन उचलले नव्हते ते सांगायला लागले की दोर आपणच धरला होता. पारावर बैठक बसली आणि ठरलं की आता चेअरमनची नाकेबंदी करायची. गडी बंद, दूध बंद, गिरणी बंद, दुकान बंद. सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल? मी. लाज झाकायची असली की माणूस फार मोठ्यानं ओरडतो. मामा बैठकीतून मधेच उठून गेले.

चौथ्या दिवशी बघतो तर मामा रस्त्यानं चाललेत. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, डोक्यावर पिठाचा डबा, हातात दुधाची किटली. वाट चेअरमनच्या वस्तीची. मी दुकानातून उडी मारून रस्त्यात आडवा झालो आणि विचारलं की मामा, तुम्ही आमच्या बाजूचे की त्याच्या?

"मी म्हातारीच्या बाजूचा," ते म्हणाले.

चेअरमनची आई वस्तीवर वेगळी राहायची. लेकाशी तिचं पटत नव्हतं, नंदाच्या वेळी ती लेकाच्या तोंडावर थुंकली होती. पण आडनाव एकच, म्हणून गावानं तिचंही दळण परत पाठवलं होतं.

"चेअरमन काल चौफुल्याला मटन खाऊन आला," मामा म्हणाले. "गाडी हाय त्याच्या बुडाखाली. तुमच्या नाकेबंदीत उपाशी कोन ऱ्हायलंय ते एकदा जाऊन बघा. सरक."

मी सरकलो. पण मला एवढा राग आला की काय सांगू. आम्ही पहिल्यांदा बरोबर बाजूला उभे होतो, आणि या म्हाताऱ्यानं तिथंही दोर ताणला. सगळ्या गावालाच राग आला. टपरीवर मामांचा चहा बंद झाला. बाकावर ते एकटे बसायला लागले, आणि एकदा ज्वारीचं बियाणं घ्यायला आत आले. दुकानात पाच-सहा माणसं होती. सगळी माझ्याकडं बघत होती.

"स्टॉक न्हाई, मामा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या मागच्या पिशव्यांकडं बघितलं. टाचा जुळवल्या, मला एक कडक सॅल्यूट ठोकला आणि निघून गेले. त्या हिवाळ्यात ते वारले. त्यांच्या रानात त्या वर्षी ज्वारी होती. बियाणं नंदानं दिलं होतं.

आता परवाची लाथ.

पुन्हा कुठंतरी सामुद्रधुनीत जहाजं अडलीत. पुन्हा दौंडला रेक नाही. माझ्याकडं अख्ख्या गावासाठी मिळून सात गोण्या उरल्या होत्या आणि दारात रांग होती. रांगेत चेअरमन उभे होते. गाडी आहे, पण शिरूरला नाही, दौंडला नाही, कुठंच युरिया नाही, आणि त्यांचा ऊस पिवळा पडलाय. त्यांचा नंबर आला. "दोन दे," म्हणाले. रांगेत नंदाही होती. अख्खं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं, आणि ते दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते म्हणायला मला गोड लागणार होते.

बाहेर बाक रिकामा होता. तरी मी तिकडं बघितलं. तीच माझी चूक.

"घ्या दोन," मी म्हणालो.

रांगेतून कुणीतरी हळूच मला शिवी दिली. चेअरमननी गोण्या उचलल्या, माझ्याकडं संशयानं बघितलं आणि गेले. आभारबिभार काही नाही. असली माणसं बदलत नाहीत, तुम्हीही तशी आशा ठेवू नका.

मग मी वळलो आणि उरलेल्या पाच गोण्यांतल्या सगळ्यात खालच्या गोणीला सणसणीत लाथ घातली. पाय धरून खाली बसलो आणि मामांना अशी शिवी हासडली की रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. मेल्या माणसाला शिवी देऊ नये. मला माहीत आहे. दिली.

नंदा काउंटरपाशी आली, पिशवी काखेत, तशीच. तिनं आधी माझ्या मागं बघितलं, गोण्या मोजल्या.

"पाच हायेत," ती म्हणाली. "एक दे."